आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील नेते: प्रेषित, संदेष्टे, वडील, अध्यक्ष आणि सेवक यांची कामे कशी ठरली?

अभ्यासिका

ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या दोन शतकांविषयी बोलताना आपण बहुधा आजची रचना उचलून त्या काळावर ठेवतो. वर बिशप, मध्ये धर्मगुरू आणि खाली डीकन अशी उतरंड पहिल्या दिवसापासून होती असे कोणी धरून चालतो, तर तेव्हा सगळेच समान होते आणि नेते नंतर शिरजोर झाले असे कोणी सांगतो. नव्या करारातील पत्रे आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांतले जे लेखन उरले आहे ते सलग वाचले, तर या दोन्ही समजुतींना तडे जातात. मला दिसते ते असे: नेतृत्वाची कामे नगरागणिक बदलत होती, फिरते नेते आणि एका जागी राहणारे नेते यांचे अधिकार निराळे होते, आणि त्यांपैकी शेवटी कोणाचे पारडे जड झाले हे समजून घ्यायचे असेल, तर मंडळीची भाकरी आणि मंडळीचा पैसा कोणाच्या हातून वाटला जात होता तिकडे आधी पाहावे लागते.

यरुशलेमेपासूनच सुरुवात करू. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पहिला अंतर्गत वाद येतो तो उपदेशावरून नाही, वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा स्वतःकडे ठेवली आणि पंगतीच्या व्यवस्थेसाठी सात माणसे निवडायला लोकांना सांगितले. निवड लोकांनी केली, हात ठेवून नेमणूक प्रेषितांनी केली. सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच बहुधा माणसे घेतली गेली, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. मात्र कामाची ही वाटणी त्या ग्रंथातही फार काळ टिकत नाही. स्तेफन लगेच वादविवाद करताना आणि लांब भाषण देताना दिसतो व त्यासाठी जीव गमावतो. फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो आणि बाप्तिस्मा देतो. पंगत पाहायला नेमलेली माणसे वचनाची सेवा करू लागली आणि त्यांना कोणी अडवले नाही.

यरुशलेमेतील ‘वडील’, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ (ग्रीकमध्ये ‘प्रेस्बुतेरोस’), प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्यांदा कुठे येतात हेही पाहण्यासारखे आहे. अगब नावाचा संदेष्टा दुष्काळाचे भाकीत करतो, अंत्युखियाचे शिष्य यहूदियातील बांधवांसाठी मदत गोळा करतात आणि ती बर्णबा व शौल (म्हणजेच पुढचा प्रेषित पौल) यांच्या हाती ‘वडिलांकडे’ पाठवतात. या वडिलांची नेमणूक कधी झाली, कोणी केली, याविषयी ग्रंथकार काहीच सांगत नाही. ते थेट मदतनिधी स्वीकारणारे म्हणूनच समोर येतात. पुढे इ. स. 49 च्या सुमारास विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, सुंतेचा प्रश्न आला तेव्हा ‘प्रेषित आणि वडील’ एकत्र बसले, पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा बोलले, आणि निर्णयाचे शब्द मांडले ते प्रभूचा भाऊ याकोब याने. याकोब बारा जणांपैकी नव्हता. पेत्र फिरतीवर होता. याकोब यरुशलेमेतच राहिला आणि म्हणून त्या नगरीत त्याचा शब्द चालला. इ. स. 62 मध्ये महायाजक अनानस याने त्याला दगडमार करवून मारले, हे योसेफस या यहूदी इतिहासकाराने नोंदवले आहे. बाहेरच्या इतिहासकारालाही नोंद घ्यावीशी वाटावी इतके त्याचे स्थान होते.

अंत्युखियात चित्र वेगळे आहे. तिथे वडिलांचा उल्लेखच नाही. बर्णबा, शिमोन निगेर, कुरेनेचा लूक्य, मनाएन आणि शौल अशा पाच ‘संदेष्ट्यां’ची व ‘शिक्षकां’ची नावे आहेत आणि त्यांच्यातूनच दोघांना दूरच्या प्रवासाला पाठवले जाते. करिंथकरांना लिहिताना पौल जो क्रम लावतो तो याच जगातला आहे: प्रथम प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक, मग चमत्कार, रोग बरे करण्याची देणगी, साहाय्य आणि कारभार. कारभार इतका खाली! थेस्सलनीकाकरांना तो ‘जे तुमच्यामध्ये श्रम करतात व तुमच्यावर देखरेख ठेवतात’ त्यांना मान द्या असे सांगतो, पण त्यांच्या पदाचे नाव लिहीत नाही. करिंथमध्ये स्तेफनाच्या घराण्याने पवित्र जनांच्या सेवेला वाहून घेतले आहे, अशांच्या अधीन राहा, असे तो म्हणतो. म्हणजे आधी काम, मग मान.

याला अपवाद म्हणजे फिलिप्पै. तिथल्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात ‘अध्यक्ष व सेवक’ यांना वेगळा सलाम आहे, दोन्ही अनेकवचनी. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’ आणि ‘दियाकोनोस’; यांतूनच पुढे ‘बिशप’ आणि ‘डीकन’ हे शब्द आले. हे पत्र मुख्यतः मदत पोहोचल्याची पोच आहे. एपफ्रदीताच्या हाती फिलिप्पैकरांनी पौलाला द्रव्य पाठवले होते, आणि त्याआधी थेस्सलनीकातही एकदोनदा पाठवले होते. मदत गोळा करणारे आणि ती पाठवणारे हेच ते अध्यक्ष व सेवक असावेत, हा अनेक अभ्यासकांचा तर्क मला पटतो. पौल स्वतः पैशाच्या बाबतीत किती जपून वागत होता हे यासोबत लक्षात घ्यावे. यरुशलेमेसाठीची वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, आणि करिंथमध्ये अक्विल्लाबरोबर तंबू शिवून तो आपले पोट भरत राहिला.

इतर वाचकांनी, विशेषतः ज्यांना परंपरेच्या आतून हा विषय ठाऊक आहे त्यांनी, आपले म्हणणे मांडावे.

उत्तर वसई

मांडणी आवडली. मी कॅथलिक ख्रिस्तसभेचा सदस्य आहे आणि माझा आक्षेप नम्रपणे नोंदवतो. आपण भाकरी आणि पैसा यांवर इतका भर दिला आहे की प्रेषितांकडून आलेला अधिकार बाजूला राहतो. रोमहून करिंथला गेलेले जे पत्र रोमच्या मंडळीतील नेता क्लेमेंट याच्या नावाने ओळखले जाते, ते साधारण इ. स. 96 चे मानतात. त्यात स्पष्ट म्हटले आहे की प्रेषितांनी आपले पहिले विश्वासणारे पारखून अध्यक्ष व सेवक म्हणून नेमले, या पदावरून भांडणे होणार हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून हे लोक निधन पावल्यावर दुसऱ्या पारखलेल्या माणसांनी ती सेवा घ्यावी अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांनी रोमला शिक्षेसाठी नेले जात असताना वाटेत सात पत्रे लिहिली आणि बिशपांशिवाय मंडळीत काहीही करू नये, असे पुन्हा पुन्हा बजावले. शतकभरातच इतकी ठाम रचना दिसते, तेव्हा तिचे बीज प्रेषितांच्याच काळात होते असे मानणे अवाजवी नाही.

आमच्याकडे धर्मगुरू होणारा तरुण आधी काही काळ डीकन असतो, त्यामुळे डीकनपद ही मधली पायरी आहे असेच लहानपणापासून वाटत आले. स्तेफन आणि फिलिप्प यांच्याविषयी आपण लिहिलेले वाचून त्या पदाचे मूळ वजन जाणवले.

अभ्यासिका

आपल्या आक्षेपात तथ्य आहे. क्लेमेंटच्या पत्रातील तो भाग मी वगळता कामा नये. मात्र त्याच पत्रात दोन गोष्टी सोबत येतात. एक म्हणजे करिंथमध्ये ज्यांना पदावरून काढले ते अनेक वडील होते. एका बिशपाला काढल्याचा उल्लेख नाही, आणि पत्र लिहिणारेही ‘रोम येथे प्रवासी म्हणून राहणारी देवाची मंडळी’ या सामूहिक नावाने लिहितात. दुसरी म्हणजे ही नेमणूक ‘सर्व मंडळीच्या संमतीने’ झाली होती असे पत्रच सांगते. अधिकार वरून आला आणि संमती खालून आली. पत्राला यांत विरोध दिसत नाही.

इग्नेशियस यांचे म्हणाल, तर इफिस, मग्नेशिया, त्राल्लेस, फिलदेल्फिया आणि स्मुर्णा इथे एक बिशप, त्याच्या भोवती वडिलांचे मंडळ आणि सेवक अशी रचना ते गृहीत धरतात. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र तिथल्या कोणत्याही बिशपाचा उल्लेख नाही. त्यांचेच मित्र, स्मुर्ण्याचे पॉलिकार्प, फिलिप्पैकरांना लिहितात तेव्हा वडिलांच्या आणि सेवकांच्या अधीन राहा असे सांगतात. फिलिप्पैच्या बिशपाचे नाव तिथेही नाही. म्हणजे आशिया या रोमी प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) नगरांत जी रचना बसली होती ती त्याच वर्षांत फिलिप्पै जिथे होते त्या मासेदोनियात आणि रोममध्ये बसलेली दिसत नाही. इग्नेशियस इतक्या पोटतिडकीने बजावतात, यावरून त्यांच्या श्रोत्यांपैकी काहींना ते अजून मान्य नव्हते असेही अनुमान निघते.

पॉलिकार्पच्या त्याच पत्रात वालेन्स नावाच्या एका वडिलाचा प्रसंग आहे. हा माणूस आणि त्याची पत्नी द्रव्यलोभात सापडले, आणि पॉलिकार्प फिलिप्पैकरांना विनवतात की त्यांना शत्रू समजू नका, भरकटलेला अवयव म्हणून परत आणा. ज्या मंडळीने पौलाला उदारपणे पैसे पाठवले तिथेच दोन पिढ्यांनी पैशावरून वडील घसरला. नव्या करारात तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांतील नेत्यांच्या पात्रतेच्या अटींत ‘द्रव्यलोभी नसावा’ आणि ‘अतिथिप्रिय असावा’ या दोन अटी का ठळक आहेत, हे असे प्रसंग वाचल्यावर कळते.

दीपमाळ

फिरत्या नेत्यांबद्दल एक महत्त्वाचा कागद चर्चेत यायला हवा. ‘दिदाखे’ म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण या नावाची छोटी पुस्तिका शतकानुशतके हरवलेली होती. 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथिओस ब्रिएन्निओस यांना ती 1056 सालच्या एका हस्तलिखितात सापडली आणि दहा वर्षांनी त्यांनी ती छापली. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या एखाद्या छोट्या मंडळीतले नियम तिच्यात आहेत, आणि ते वाचताना ती माणसे समोर उभी राहतात.

प्रेषित आला तर त्याला प्रभूप्रमाणे स्वीकारा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा दिवसही. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याने भारून ‘मेज मांडा’ असे सांगणाऱ्या खऱ्या संदेष्ट्याने त्या मेजावरचे स्वतः खाऊ नये. संदेष्ट्याने आत्म्यात उच्चारलेल्या शब्दांची परीक्षा करण्यास मनाई आहे, म्हणून मग परीक्षा होते ती त्याच्या वागण्याची. जो संदेष्टा गावातच स्थायिक होऊ इच्छितो त्याला द्राक्षकुंडाचे, खळ्याचे आणि गुराढोरांचे प्रथमफळ द्यावे, कारण ‘ते तुमचे महायाजक आहेत’. संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे.

या सगळ्यानंतर पंधराव्या अध्यायात एक साधे वाक्य येते की आपल्यासाठी अध्यक्ष आणि सेवक निवडा, सौम्य, द्रव्याचा लोभ नसलेले, खरे आणि पारखलेले, कारण तेही तुमच्यासाठी संदेष्ट्यांची आणि शिक्षकांचीच सेवा करतात. म्हणून त्यांना तुच्छ लेखू नका. या शेवटच्या सूचनेवर मी फार विचार केला आहे. घरचा, ओळखीचा, रोज दिसणारा अध्यक्ष लोकांना फिका वाटत असणार आणि दुरून आलेला संदेष्टा तेजस्वी. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रुगियात मोंतानुस, प्रिस्किल्ला आणि माक्सिमिल्ला यांची भविष्यवाणीची चळवळ उसळली तेव्हा तोल पुरता फिरलेला होता. आता संशयित ठरले ते संदेष्टे आणि निवाडा करणारे झाले बिशप. मला याचे वाईट वाटते, कारण मोकळेपणाने बोलणारा एक आवाज तिथून पुढे क्षीण होत गेला.

मनस्विनी

आतापर्यंतच्या चर्चेत स्त्रिया फक्त मदत घेणाऱ्या विधवा म्हणून आल्या आहेत, तेवढ्यावर थांबू नये. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि ती पुष्कळांना, खुद्द मलाही, साहाय्य करणारी झाली आहे असे लिहितो. तिथे तिच्यासाठी वापरलेला शब्द फिलिप्पैच्या सेवकांसाठी वापरलेलाच आहे. त्याच अध्यायात अक्विल्लाच्या आधी प्रिस्का हिचे नाव येते आणि त्यांच्या घरी मंडळी भरते. लावदिकियात नुंफेच्या घरी मंडळी जमत असे. ज्या काळी मंडळीला स्वतःची इमारत नव्हती, त्या काळी जिचे घर आणि जिचे मेज, तिचा शब्द बैठकीत काहीच मोजला जात नसेल हे संभवत नाही.

मंडळीबाहेरचा पुरावाही आहे. इ. स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा रोमी अधिकारी धाकटा प्लिनी सम्राट त्राजनला कळवतो की ख्रिस्ती लोकांचे खरे काय आहे ते काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या, ज्यांना ते लोक ‘सेविका’ म्हणत. समाजात सर्वांत खालच्या थरात असलेल्या दोन बायका, आणि माहिती काढायची तर यांच्याकडून काढावी असे अधिकाऱ्याला वाटले. त्यांची नावेही त्याने लिहून ठेवली नाहीत.

तिसऱ्या शतकातील सिरियाच्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात डीकन स्त्रियांची कामे सविस्तर आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी स्त्रियांना तैलाभ्यंग करणे, त्यानंतर त्यांना शिकवणे, आणि ज्या बिगरख्रिस्ती घरांत पुरुष डीकनाला पाठवता येत नाही तिथल्या आजारी ख्रिस्ती स्त्रियांना भेटणे. मात्र तोच ग्रंथ विधवांना शिकवण्यास मनाई करतो. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले, असे मला तिथे प्रकर्षाने दिसते.

नगरचा वाचक

या जुन्या प्रश्नाचा आपल्याकडे प्रत्यक्ष परिणाम झालेला आहे म्हणून लिहितो. अहमदनगर परिसरात काम केलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले होते. तिथे बिशप नव्हते, प्रत्येक स्थानिक मंडळीला आपला कारभार होता. अँग्लिकन परंपरेत बिशप होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा या आणि आणखी काही परंपरा एकत्र आल्या, आणि बिशप, प्रेसबिटर (वडील) व डीकन अशी तीन पदे स्वीकारून त्याच वेळी स्थानिक पास्टोरेटच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, समितीलाही स्थान ठेवण्यात आले. फिलिप्पै, करिंथ आणि स्मुर्णा या तिन्ही नगरांचे वारसदार एका छताखाली आले, असे मी याकडे पाहतो.

माझा प्रश्न असा आहे की वडील हे जर मुळात सल्लामसलत करणारे मंडळ होते, तर प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीचे, अध्यक्षपद त्यांच्याकडे केव्हा आले?

अभ्यासिका

प्रश्न नेमका आहे. इ. स. 155 च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर रोममध्ये रविवारच्या सभेचे वर्णन करतात. तिथे सभेचा एक प्रमुख आहे. वाचन झाल्यावर तो उपदेश करतो, भाकरी आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती करतो, लोक ‘आमेन’ म्हणतात, सेवक ते वाटतात आणि न आलेल्यांकडे घरी नेऊन देतात. मग ज्यांची ऐपत आहे ते इच्छेप्रमाणे देणगी देतात, ती त्या प्रमुखापाशी ठेवली जाते, आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे लोक यांची काळजी घेतो. उपासनेचे मेज आणि मदतीची पेटी इथे एका माणसाच्या हाती आली आहे. माझ्या मूळ मुद्द्याला यापेक्षा स्पष्ट आधार मला माहीत नाही.

मंडळी वाढल्या, एका नगरात अनेक ठिकाणी सभा होऊ लागल्या, तेव्हा बिशप सगळीकडे पोहोचू शकेना आणि त्याच्या वतीने वडील मेजाशी उभे राहू लागले. वाढ किती होती ते रोमचे बिशप कर्नेलियस यांच्या 251 च्या पत्रातून कळते, जे मंडळीचे इतिहासकार युसेबियस यांनी जपून ठेवले: 46 वडील, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 अ‍ॅकोलाइट (उपासनेतील मदतनीस), भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून 52, आणि मंडळीच्या मदतीवर असलेल्या विधवा व गरजू पंधराशेहून अधिक. वडील 46 आणि डीकन मात्र 7, कारण प्रेषितांच्या कृत्यांतील सात हा आकडा त्यांनी धरून ठेवला होता. पंधराशे माणसांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था या सात जणांकडे, म्हणजे प्रत्येकाच्या हाती केवढा कारभार असेल याचा विचार करावा.

याच वर्षांत उत्तर आफ्रिकेतील कार्थेजला आणखी एक प्रकारचा नेता पुढे आला होता. 250 च्या, रोमी सम्राट डेशियसच्या छळात जे तुरुंगात गेले पण डगमगले नाहीत त्या ‘कबुलीदारां’नी, दबावाखाली मूर्तीला बळी अर्पण केलेल्यांना क्षमेची पत्रे द्यायला सुरुवात केली. बिशप सिप्रियन त्या वेळी लपून राहिले होते, त्यामुळे नैतिक वजन कबुलीदारांकडे होते आणि पदाचा अधिकार सिप्रियन यांच्याकडे. त्यांनी कबुलीदारांचा मान ठेवला, निर्णय मात्र 251 च्या सभेत बिशपांनी एकत्र बसून घेतला. 258 मध्ये सिप्रियन स्वतः शिरच्छेदाला सामोरे गेले.

उत्तर वसई

डीकनांच्या या वजनावरूनच पुढे निकियाच्या 325 च्या धर्मपरिषदेला नियम करावा लागला असेल काय? काही ठिकाणी डीकन वडिलांना प्रभुभोजन देत असत, ते बंद करावे आणि डीकनांनी वडिलांमध्ये बसू नये, असा अठरावा नियम मी वाचला आहे.

अभ्यासिका

होय, तसेच दिसते. त्यानंतरही रोममध्ये डीकनांचा तोरा राहिला. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे विद्वान जेरोम यांनी इव्हँजेलुस यांना लिहिलेले पत्र याच रागातून आले आहे. डीकनांना वडिलांच्या वर बसवणाऱ्यांना ते विचारतात की मेज आणि विधवा यांची सेवा करणारा, ज्यांच्या प्रार्थनेने ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते त्यांच्यावर कसा चढतो? डीकन थोडे म्हणून मान मोठा आणि वडील पुष्कळ म्हणून किंमत कमी, असे कारणही ते देतात. त्याच पत्रात ते आठवण करून देतात की अलेक्झांड्रियात बिशप हेराक्लास आणि दिओनिसियस यांच्या काळापर्यंत, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत, वडील आपल्यातलाच एक निवडून त्याला बिशप म्हणत. जेरोम यांचा हेतू वडिलांची बाजू मांडण्याचा होता, त्यामुळे त्यांची साक्ष तेवढे भान ठेवून घ्यावी. तरी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला इतका विद्वान माणूस बिशप आणि वडील हे मुळात एकच होते असे उघडपणे लिहू शकत होता.

अलेक्झांड्रियाविषयी ओरिगेनचे उदाहरणही घ्यावे लागेल. तो बराच काळ केवळ शिक्षक होता, पण त्याचे विद्यार्थी दूरदूरहून येत. पॅलेस्टाईनच्या बिशपांनी त्याला वडील म्हणून दीक्षा दिली तेव्हा त्याचा स्वतःचा बिशप देमेत्रियस संतापला आणि ओरिगेनला कैसरियात जाऊन राहावे लागले. त्यावर कोणी सविस्तर लिहिणार असेल तर याच धाग्यावर लिहावे.